मोठेबाबांना विचारायचं म्हणून विचारलं

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, ऑफिसच्या जिन्यात उभी होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. फोनवर बाबा होते. "अपर्णा, दादा गेला गं," एवढंच आधी म्हणाले, मग तुटक तुटक सांगत राहिले. चहा झाला होता, पेपर उघडला होता, आणि मग पेपर हातात तसाच... मोठी आई स्वयंपाकघरातून हाका मारत राहिली. मी "अरे देवा" म्हटलं, "निघते" म्हटलं, फोन ठेवला. आणि मग, डोळ्यांत पाणी यायच्याही आधी, माझ्या मनात जे पहिलं आलं ते असं होतं : सुटले बाई. आता सांगावं लागणार नाही.

हे वाक्य कागदावर उतरवायला मला सात आठवडे लागले. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, माझ्या बारावीच्या निकालाला पेढ्यांच्या आधी मारुतीला नारळ फोडला, तो माणूस गेला आणि मला आधी सुटका वाटली. नंतर रडले, खूप रडले, बसमध्ये शिवनीपर्यंत शेजारच्या बाईंनी मला पाणी पाजलं. पण पहिलं ते पहिलंच. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायचं असतं हे मला कळतं. माझं लिहिणं सारखं माझ्याकडेच वळतं आहे, त्याला माझा इलाज नाही.

विदर्भातून जबलपूरला येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत वडिलांच्या मोठ्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. आमचे मोठेबाबा तिथल्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत एक्झामिनर होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं. मापात बसलं तर पुढे, नाही बसलं तर परत. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्तीनंतर फॅक्टरीच्या क्वार्टरमधून निघून जवळच रांझीला दोन खोल्यांचं घर बांधलं, तर त्याच्या विटासुद्धा एकेक हातात घेऊन पाहिल्या. मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाबूजी, घर बनाना है कि दुल्हन देखनी है?" मोठेबाबा म्हणाले, "दोनों एकही बार होते हैं भैया." आणि पुढची वीट उचलली.

फॅक्टरीत त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय काही पुढे जात नसे. घरात मात्र उलटा कारभार. आमच्या घराण्याची रीत अशी की कोणतंही मोठं काम करायचं तर आधी मोठेबाबांना विचारायचं. रीत फार कडक. आणि ती पाळायची पद्धत अशी की काम आधी उरकून घ्यायचं, आणि मग विचारायचं. माझ्या बाबांनी पहिली स्कूटर आणली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभी केली, चालत घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दादा, स्कूटर घ्यायचं म्हणून राहिलो. घेऊ का?" दादा म्हणाले, "घे. चांगलं आहे." पाच मिनिटांत स्कूटर दारात! मोठेबाबांचा स्वतःचा मुलगा, आमचा शेखरदादा, त्याने तर मुलीच्या घरी नारळ देऊन झाल्यावर वडिलांना विचारलं की, मुलगी पसंत करू का. वरातीमागून घोडं, दुसरं काय. प्रत्येक वेळी मोठेबाबांचं उत्तर एकच, "करा. चांगलं आहे." त्यांना सगळं कळत असणारच. बोलले मात्र कधी नाहीत, आणि आम्हीही कधी विचारात पडलो नाही की, जन्मभर तपासणी केलेल्या माणसाकडे आपण पास झालेला माल शिक्का मारायला नेतो आहोत.

आता माझं. मी नागपुरात एका कंपनीत आहे, आम्ही पाण्याच्या मोठ्या पंपिंग स्टेशनांची नियंत्रण यंत्रणा बनवतो. दहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी दक्षिणेतल्या एका चांगल्या संस्थेत सिस्टम्स इंजिनीअरिंगच्या एम.टेक.साठी अर्ज केला. दोन वर्षं, नोकरी सोडून. हा विषय काय, ते साध्या शब्दांत सांगते : एखादं मोठं काम पुष्कळ लहान कामांचं बनलेलं असतं, प्रत्येक जण आपापलं काम नीट करतो, आणि तरी मोठं काम बिघडतं. ते का बिघडतं, आणि बिघडू नये म्हणून सुरुवातीपासून काय करायचं, त्याचं हे शास्त्र. मला ते फार वर्षांपासून शिकायचं होतं. मार्चमध्ये पत्र आलं, जागा मिळाली. आणि पत्र हातात आल्याबरोबर मी घाबरले. तेहतिसाव्या वर्षी बावीस वर्षांच्या पोरांबरोबर वर्गात बसायचं, दहा वर्षं न केलेलं गणित करायचं, त्यात नापास झाले तर... इकडे साहेब म्हणत होते, थांबलीस तर टीम तुझ्याकडे देतो. मी आठ दिवस झोपले नाही आणि नवव्या दिवशी, मंगळवारी, संस्थेला कळवून टाकलं की, कौटुंबिक कारणांमुळे मला येणं शक्य नाही. कौटुंबिक कारणं! कुटुंबात तोवर कोणाला पत्राचा पत्ताही नव्हता.

त्याच रविवारी पाडवा होता. रांझीला सगळे जेवायला जमलो. बाबांना मी आदल्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं, म्हणजे जागा मिळाली एवढंच. श्रीखंड वाढता वाढता बाबा म्हणाले, "दादाला विचारलं का?" मग काय, देखल्या देवा दंडवत. मी पुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "मोठेबाबा, एम.टेक. करू का?" मला वाटलं होतं, ते म्हणतील, 'कर. चांगलं आहे.' मग मी म्हणेन, बघते, विचार करते. आणि महिन्याभरात सगळे विसरून जातील.

मोठेबाबांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "अजून त्यांना काही कळवलं तर नाही नं?"

त्यांनी नीट, स्पष्ट विचारलं होतं. जिभेच्या टोकावर खरं होतं. पण सगळे बघत होते आणि मोठी आई वाटी घेऊन मध्येच उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग मला थोडा वेळ दे," मोठेबाबा म्हणाले. "असं जेवता जेवता नाही सांगता येत."

त्यांच्या तोंडून असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेखरदादा हसला, "बाबा, तुम्ही तर फॉर्मच भरायला निघाले." मोठेबाबा हसले नाहीत. हात धुऊन आल्यावर त्यांनी मला विचारलं, "शेवटची तारीख काय?" आणि मी, गाढव, तारीखही सांगून मोकळी झाले. एप्रिलअखेर.

त्यानंतर दर रविवारी अकराला फोन. "अपर्णी, लिहून घेऊन राहिलो मी. हे सिस्टम म्हणजे नेमकं कोणत्या मशीनचं?" मी म्हटलं, कोणत्याच एका मशीनचं नाही, सगळी मिळून चालतात कशी त्याचं. पुढच्या रविवारी म्हणाले, "कळलं मला. आपल्या मंडळाची पंगत!" आमच्या वस्तीतल्या गणपतीच्या महाप्रसादाची गोष्ट आहे. एका वर्षी भात झाला होता, भाजी झाली होती, पत्रावळी मांडल्या होत्या, वाढपी कंबर बांधून उभे होते, आणि तीनशे माणसं रिकाम्या पत्रावळीवर पाऊण तास बसून राहिली. कारण पाण्याचा टँकर वेळेवर आला होता आणि बोळात असा उभा राहिला होता की, भाजीची हातगाडी निघेना. "सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं होतं," मोठेबाबा म्हणाले. "मी स्वतः एकेकाला विचारलं. कोणाचीच चूक नाही. हेच नं तुझं शास्त्र?" मी म्हटलं, "हेच." खरं सांगते, आमच्या साहेबांनासुद्धा हे इतकं नीट समजावता आलं नसतं. पुढच्या वर्षी काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "टँकरवाल्याला जेवायला बोलावलं. टँकर मैदानात लावून आधीपासून येऊन बसला बिचारा."

ते प्रश्न विचारत आणि मी उत्तरं देई. ऑफिसात काम अडलं तर लोक तुझ्याकडे येतात की साहेबाकडे? माझ्याकडे. रविवारी काय वाचतेस? काही नाही. खोटं नको सांगू. बरं, थोडं वाचते, याच विषयाचं. दोन वर्षांनी परत येशील तेव्हा याच कंपनीत जाशील का? माहीत नाही. एकदा म्हणाले, "हे शिकून तुला जे कळेल, ते आत्ता कळत नाही म्हणून काय बिघडून राहिलं?" त्याच आठवड्यात आमचं एक पंपिंग स्टेशन तिसऱ्यांदा बंद पडलं होतं. पंप उत्तम, झडपा उत्तम, मापकं उत्तम, आणि सगळं मिळून ठप्प. मी चार दिवस तिथे चिखलात उभी होते आणि मला कारण सापडत नव्हतं. मी त्यांना ते सांगितलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस एवढ्या मनापासून लिहितो आहे, आणि मी त्याला जे सांगते आहे ते एकेक वाक्य खरं आहे, फक्त मूळ गोष्टच खोटी.

एप्रिलअखेर आली. फोनवर म्हणाले, "दोनच दिवस राहिले, आणि माझं तर व्हायचं आहे अजून. काय करायचं?" माझ्यासाठी केवढी सोय होती ती! म्हणायचं होतं, 'जाऊ द्या मोठेबाबा, तारीख गेली, राहू दे.' पण त्यांचा आवाज इतका पडला होता की, माझ्या तोंडून निघून गेलं, "तारीख वाढवली त्यांनी. मेअखेर." "अच्छा! चलो, बरं झालं," म्हणाले. मे संपला तेव्हा मी पुन्हा वाढवली. जूनमध्ये पुन्हा. तोवर ती संस्था माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊन बसली होती आणि मी रांझीतल्या एका म्हाताऱ्यासाठी तिची दारं किलकिली धरून उभी होते.

मे महिन्यात मी चार दिवस घरी, जबलपूरला, आले होते. मोठेबाबा म्हणाले, उद्या सदरला जायचं, एका सरांना भेटायचं आहे. हे सर म्हणजे इथल्याच कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. मोठेबाबांनी त्यांना शोधून काढलं होतं, उन्हात तीनदा त्यांच्याकडे जाऊन आले होते. सदरला एका हॉटेलात आम्ही बसलो. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तो आप हैं वो बच्ची! आपके ताऊजी ने मेरा पूरा सिलेबस फिर से पढ़वा दिया." मोठेबाबा खूष. पिशवीतून फाईल काढली, अभ्यासक्रमाची पानं छापून आणलेली, प्रत्येक विषयापुढे पेन्सिलने खूण. काही खुणांपुढे प्रश्नचिन्ह, काहींपुढे 'पंगत' असं लिहिलेलं. सर बोलता बोलता म्हणाले, "सीट तो कन्फर्म है न?"

"हाँ सर."

"लेटर दिखाइए ज़रा. वहाँ मेरा एक विद्यार्थी पढ़ाता है. अभी फ़ोन लगा लेता हूँ, होस्टल-वोस्टल सब बता देगा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाळी पेटली. मी म्हटलं, फोन बंद पडला, पत्र त्यातच आहे. फोन मांडीवर माझ्या पिशवीखाली होता आणि त्याच क्षणी मेला वाजायला लागला. मी तो दाबून धरला. सर कॉफी पीत राहिले. मोठेबाबांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सरांना म्हणाले, "कोई बात नहीं सर, बाद में भिजवा देंगे."

परतताना ऑटोत ते फाईल मांडीवर धरून बसले होते. मला वाटलं, आता विचारतील, आणि मीच सांगून टाकीन. खमरियाच्या फॅक्टरीची बस पुढे अडली होती, ऑटो थांबला. ते म्हणाले, "अपर्णी, तुला भीती वाटून राहिली का?"

"नाही."

"मला वाटली असती," ते म्हणाले. "मला एकदा बाहेरगावी ट्रेनिंगला पाठवत होते. वर्षभराचं. मोठी आईची तब्येत बरी नाही म्हणून मी नाही म्हटलं. ती तर ठणठणीत होती. इंग्रजीतून शिकवणार होते, म्हणून नाही म्हटलं." मग हसले. "हे मोठी आईला नको सांगू."

एवढं उघड दार कोणी ठेवतं का कोणासाठी? त्यांनी ठेवलं. मी बसच्या पाठीमागे काय लिहिलं आहे ते वाचत बसले. आजही मला ते पाठ आहे, 'फिर मिलेंगे'. दार बंद झालं, ऑटो सुटला, आम्ही घरी आलो. मोठी आईने आंब्याचं पन्हं दिलं आणि विचारलं, "झालं का काम?" मोठेबाबा म्हणाले, "होऊन राहिलं."

शेवटचा फोन जुलैतल्या एका रविवारचा. "माझं झालंच म्हणून समज," म्हणाले. "एकच गोष्ट तपासायची राहिली. पुढच्या रविवारी सांगतो." त्यांच्या आवाजात एवढा उत्साह होता की, मी ठरवलं, पुढच्या रविवारी त्यांचं ऐकून घेईन, आणि मग काय ते सांगेन. असं मी आधी चार वेळा ठरवलं होतं. गुरुवारी बाबांचा फोन आला.

दहाव्याला सगळे ग्वारीघाटावर गेलो. आमच्याकडे हल्ली बायकाही जातात. नर्मदेला पूर होता, खालच्या पायऱ्या पाण्यात, गुरुजींनी वरच्या बाजूला सगळं मांडलं. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकलो. कावळे होते, झाडावर पाच-सात तरी होते, पण खाली एकही येईना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की, कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी हात जोडून सांगायचं की, तुमचं ते राहिलेलं आम्ही करू. शेखरदादाने सांगितलं, "बाबा, आईला मी भोपाळला माझ्याकडे नेतो, काळजी करू नका." कावळे जागचे हलेनात. मोठी आई पुटपुटली, "मी नाही जात भोपाळला, तो कसा येईल?" त्या तशा वेळीसुद्धा दोघं-तिघं हसले. बाबांनी सांगितलं, वहिनीकडे मी बघेन. नाही. वीस मिनिटं झाली. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेऊ का म्हणाले.

मग बाबा माझ्याकडे वळले. "दादाचं एकच काम राहिलं," म्हणाले. "चार महिने तेच करून राहिला होता तो. अपर्णा, तू सांग त्याला."

सगळ्यांनी मला वाट करून दिली. मी पुढे गेले, हात जोडले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या पायरीवर कळलं. समोर भाताचा एक गोळा, त्यावर तीळ, आणि मागे माझी सगळी माणसं हात जोडून. तिथे तरी खरं बोलायचं! पण मी म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मोठेबाबा, मी ते एम.टेक. करते. तुम्ही शांतपणे जा."

आणि कावळा आला. लगेच. बाबा ओक्साबोक्शी रडायला लागले, शेखरदादाने मला जवळ घेतलं, मोठी आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. घरी जाताना गाडीत सगळे तेच बोलत होते की, बघा, त्यांचा जीव अपर्णेच्या कामातच अडकला होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्या माणसाला जिवंतपणी फसवलं ते पुरलं नाही, पिंडासमोर उभं राहून पुन्हा फसवलं. कावळा भुकेला असेल, दुसरं काय. बाबा, हे तुम्हाला हा लेख वाचूनच कळतं आहे. तोंडावर सांगायची हिंमत आजही नाही माझ्यात.

मोठी आईला मात्र सांगितलं. गेल्या शनिवारी. ती भोपाळला गेली नाहीच, रांझीलाच आहे. मी दुपारी पोचले तेव्हा ती लसूण सोलत होती. मी समोर बसले, दोन पाकळ्या सोलल्या आणि सगळं सांगितलं. मंगळवारचा नकार, पाडवा, वाढवलेल्या तारखा, घाट. ऑटोतलं ते ट्रेनिंगचं तेवढं तोंडाने सांगितलं नाही, इथे मात्र लिहून बसले. ती सोलत राहिली.

"म्हणजे पाडव्याला तू विचारलं, तेव्हा झालेलं होतं तुझं."

"हो."

"आणि त्यांनी विचारलं होतं तुला. कळवलं का म्हणून."

"हो."

तिने लसणाचा पुढचा गड्डा फोडला. मग म्हणाली, "मला माहीत असतं तर दुपारचं झोपू दिलं असतं गं त्यांना."

मला कळलं नाही. तिने सुरी ताटलीत ठेवली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी चांगली झोप घ्या. पण हे निजताना म्हणत, तीनला उठव, अपर्णीचं काम आहे. रोज. मी उठवत होते. कधी कधी इतके गाढ झोपलेले राहायचे की, खांदा धरून हलवावं लागे. मला जिवावर येई. एकदा म्हटलं, राहू द्या आज. तर चिडले. म्हणाले, आजवर या घरात कोणी मला आधी विचारलं नाही. ही पोरगी पहिली."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, गप्प करायलाही आली नाही. "रडू नको," एवढंच म्हणाली. "मला रडण्याचा कंटाळा आला आहे."

मग उठून लसणाची सालं टाकून आली, हात धुतले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "काय तपासायचं राहिलं होतं ते मला सांगितलं त्यांनी. बुधवारी. म्हणाले, सगळं विचारलं मी तिला, कॉलेज पाहिलं, सरांना भेटलो, पण तिला ते करावंसं वाटते का, तेच नाही विचारलं. एवढा तपासणारा आणि पहिलीच गोष्ट राहून गेली, म्हणून हसत होते." पदराला हात पुसत ती वळली. "तर आता मी विचारते. वाटते का तुला?"

"भीती वाटते मोठी आई."

"ते नाही विचारलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्यावर राग होता, तो तिने लपवला नव्हता. "वाटते," मी म्हटलं. "खूप वाटते."

"फॉर्म दर वर्षी निघतो नं?"

"निघतो."

"मग काय ते खरं खरं ठरव. आणि ठरवून मोकळी होऊन मला विचारायला येऊ नको." ती आत जायला निघाली. "तोंड पाहा कसं झालंय. नीज जरा."

बाहेरच्या खोलीत मोठेबाबांची खाट आहे, खिडकीखाली टेबल, टेबलावर ती फाईल. मी खाटेवर अंग टाकलं. झोप येईल असं वाटलं नव्हतं, पण कित्येक रात्रींची राहिलेली झोप होती, अशी आली की, मी कुठे आहे तेही विसरले. केव्हातरी खांद्यावर हात आला. हलवत होता, जोरात.

"ऊठ," मोठी आई म्हणाली. "तीन वाजले."

मी उठले. खुर्ची ओढून टेबलाशी बसले. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मोठेबाबांना साखरेची बंदी होती. चहा बिनसाखरेचा होता. मी तो तसाच प्यायले आणि फाईल उघडली.